नवा भाग येईपर्यंत शिकार थांबवू नका: मॉन्स्टर हंटरमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

डिसेंबर २०२३ मध्ये 'मॉन्स्टर हंटर' या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतल्या 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'चा पहिला ट्रेलर आला आणि गेम हातात पडला २८ फेब्रुवारी २०२५ ला. मधले जवळपास पंधरा महिने चाहत्यांनी कसे काढले? ते मागे वळले. याच मालिकेतला २०१८ चा 'वर्ल्ड' पुन्हा इन्स्टॉल झाला, कपाटातले कंट्रोलर बाहेर आले, आणि गेम बनवणाऱ्या कॅपकॉमनंही 'रिटर्न टू वर्ल्ड' अशी हाक देऊन सगळ्यांना जंगलात परत बोलावलं. सहा वर्षं जुन्या गेममध्ये मदतीचा फ्लेअर (ऑनलाइन खेळणाऱ्यांना बोलावणारा इशारा) सोडावा आणि बघता बघता अनोळखी शिकारी धावून यावेत, हे मी त्या दिवसांत रोज संध्याकाळी अनुभवलं.

आता वाइल्ड्सच्या मोठ्या विस्ताराची घोषणा झाली आहे. ट्रेलर बघून पहिल्यांदाच या वाटेला येणारे पुष्कळ जण विचारतात, "थांबू का? नवं आलं की त्यातच सुरुवात करतो." माझं उत्तर ठाम आहे: थांबू नका. या मालिकेत २०१३ च्या चौथ्या भागापासून आजवर तीच चौदा शस्त्रं आहेत. दर भागात त्यांना नवे डाव मिळतात, पण महातलवारीचा वार कधी उचलायचा आणि भाल्याची ढाल कधी पुढे करायची हे बदलत नाही. आज बसलेला हात उद्याच्या भागातही तुमचाच राहतो. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत वाट बघण्याचा काळ इतका कामी येत असेल असं मला वाटत नाही.

आधी खेळ समजून घ्या

एक भलामोठा मॉन्स्टर शोधायचा, त्याची शिकार करायची, त्याच्या खवल्या-हाडांतून शस्त्र आणि चिलखत बनवायचं आणि ते घालून त्याच्याहून मोठ्याच्या मागे लागायचं. सांगाडा एवढाच.

नवख्यांना चकवते ती एक गोष्ट: इथं हंटरची, म्हणजे तुम्ही चालवता त्या शिकाऱ्याची, लेव्हल वाढत नाही. पन्नास तास खेळलात तरी त्याचा मूळ जीव १०० च राहतो. वाढतं ते अंगावरचं सामान आणि तुमची स्वतःची समज. म्हणून इतर गेमसारखं "थोडे छोटे शत्रू मारून बळ वाढवू" हे गणित इथं चालत नाही. अडलात तर त्याच मॉन्स्टरकडे पुन्हा नीट बघायला जावं लागतं.

बहुतेक मोहिमांना ५० मिनिटं मिळतात आणि तीनदा बेशुद्ध पडलात की मोहीम फसते. बेशुद्ध पडल्यावर मांजरं तुम्हाला हातगाडीवर घालून तळावर आणून ओततात. म्हणून हंटर लोक "मेलो" म्हणत नाहीत, "कार्ट झालो" म्हणतात. हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडेल.

इतिहास थोडक्यात. पहिला भाग २००४ साली प्लेस्टेशन २ वर आला. जपानमध्ये खरं वेड लागलं ते पीएसपी या हातात धरून खेळायच्या मशीनवरच्या भागांनी. चार जणांनी चार पीएसपी घेऊन एकत्र बसायचं आणि शिकारीला निघायचं, असा तो काळ. 'हितोकारी इकोऊझे', म्हणजे 'चला, एक शिकार करून येऊ', हे जाहिरातीतलं वाक्य तिथं घरोघरी पोचलं. तिथले लोक खेळाला लाडानं 'मोनहान' म्हणतात. 'वर्ल्ड' आला तेव्हा हे वेड जगभर पसरलं आणि तो कॅपकॉमचा आजवरचा सर्वात जास्त विकला गेलेला गेम ठरला. वाइल्ड्सच्या तर पहिल्या तीन दिवसांत ८० लाख प्रती गेल्या.

कुठल्या भागापासून सुरुवात करायची

तुमच्याकडे जे मशीन आहे त्यावर हे ठरतं. तरी माझा कौल 'वर्ल्ड'ला. तो प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आहे, जुन्या मध्यम पीसीवरही चालतो आणि सेलमध्ये पुष्कळ स्वस्त मिळतो. त्यातलं जंगल एकावर एक मजल्यांसारखं रचलेलं आहे; पहिल्या आठवड्यात हमखास वाट चुकते. चुकू द्या. पायाचे ठसे, झाडावरचे ओरखडे, चिकट लाळ यांवरून मॉन्स्टरचा माग काढण्यातली गंमत 'वर्ल्ड'मध्ये जशी आहे तशी पुढच्या भागांत उरलेली नाही.

'राइज' (२०२१) मुळात निन्टेंडोच्या स्विचसाठी बनला, म्हणून साध्या लॅपटॉपवरही तो बरा चालतो. वेग जास्त आणि फेऱ्या छोट्या. पाठीवर बसता येईल असा कुत्रा पहिल्या दिवसापासून सोबत असतो. ज्यांना अर्ध्या तासात एक शिकार उरकून झोपायचं आहे त्यांनी हा घ्यावा.

'वाइल्ड्स' सगळ्यात देखणा आणि सुरुवातीला सगळ्यात सोपा, पण मशीनला सगळ्यात जड. पीसीवर त्याच्या चालण्याबद्दल खूप तक्रारी झाल्या. शिफारस केलेल्या मशीनवरचे सेकंदाला ६० फ्रेमसुद्धा फ्रेम जनरेशन (मधली चित्रं मशीननंच भरून काढणं) धरून सांगितलेले होते. म्हणून आधी कॅपकॉमचा मोफत बेंचमार्क (मशीन गेमला पुरेल का ते तपासणारा प्रोग्राम) उतरवून घ्या, तो स्वतःच्या मशीनवर चालवा आणि मगच पैसे मोजा. मे महिन्यात दुपारी लॅपटॉपवर खेळणार असाल तर बेंचमार्कही दुपारीच चालवून बघा. विदर्भातल्या उन्हाळ्यात रात्रीचे आकडे दुपारी टिकत नाहीत.

'वर्ल्ड' घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. गेम सुरू केल्याबरोबर पेटीत 'डिफेंडर' नावाची शस्त्रं आणि 'गार्डियन' चिलखत फुकट मिळतं. लोकांनी मूळ गेम भराभर संपवून 'आइसबोर्न' विस्ताराकडे जावं म्हणून ते दिलेलं आहे. ते इतकं जोरदार आहे की सुरुवातीचे मॉन्स्टर दोन-चार मिनिटांत आडवे होतात आणि तुम्ही काहीच न शिकता पुढे सरकता. मग आइसबोर्नमध्ये एकदम भिंत लागते. शिकायला आला असाल तर ते पेटीतच राहू द्या.

एक शस्त्र निवडा आणि त्यालाच धरून राहा

पहिल्या संध्याकाळी मोहिमेवर जाऊ नका. सरावाच्या जागेत जा, तिथं एक खांब आणि काही पिंपं असतात. चौदाही शस्त्रं एकेक करून उचला, प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. कुठलं सर्वात ताकदवान हे कुणालाही विचारू नका. ज्याचा आवाज आणि वजन हाताला आवडलं ते तुमचं.

निवडताना एवढं लक्षात ठेवा. तलवार-ढाल नवख्यांना सांभाळून घेते. शस्त्र उपसलेलं असतानाही औषध पिता येतं, ही सोय बाकीच्यांना नाही. लांब तलवारीचा पल्ला मोठा आणि ती दिसायलाही सुंदर, पण चौघांच्या शिकारीत तिचा फटका मित्राला लागून त्याचा डाव मोडतो. हातोडा घेतलात तर जागा एकच, डोकं. डोक्यावर पुरेसे घाव बसले की मॉन्स्टर घेरी येऊन कोसळतो आणि सगळ्यांना काही सेकंदांची मोकळीक मिळते. भाला घेणारे कमी, पण एकदा घेतला की सोडत नाहीत. समोरून रथासारखा येणारा मॉन्स्टर ढालीवर झेलून जागचं न हलण्यातलं समाधान वेगळंच आहे. चार्ज ब्लेड आणि शिकारी शिंग सुरुवातीला क्लिष्ट वाटतील. आवडले असतील तर तेच घ्या, आवडीपुढे क्लिष्टपणा टिकत नाही.

महातलवारीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण या खेळाचं मर्म तिच्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. ती उचलून वार ताणायला वेळ लागतो. एकदा वार सुरू केला की मध्येच रद्द करून पळता येत नाही. म्हणजे मॉन्स्टर आत्ता कुठं आहे हे बघून वार केलात तर तो हुकणार. दोन सेकंदांनी त्याचं डोकं कुठं येणार आहे तिथं वार ताणत उभं राहावं लागतं. पहिले दहा तास हे जमत नाही. मग एखाद्या रात्री रॅथियन ही पंखवाली मॉन्स्टर वळते, तिचं डोकं नेमकं तुमच्या तलवारीखाली येतं, पडद्यावर मोठा आकडा उमटतो, आणि अंगावर काटा येतो.

निदान तीस शिकारींपर्यंत शस्त्र बदलू नका. हरल्यावर शस्त्राला दोष द्यावासा वाटतो, तेव्हा तर मुळीच नाही.

मॉन्स्टरकडे बघायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. कबड्डीत चढाईला आलेल्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही, पाय बघतात. इथंही तसंच. नवखा हंटर स्वतःच्या हंटरकडे बघतो किंवा मॉन्स्टरच्या जबड्याकडे. सरावलेला हंटर खांदा, पाय आणि शेपटीचं मूळ बघतो, कारण हल्ला तिथून सुरू होतो.

'वर्ल्ड'मधला अँजनाथ घ्या. डायनोसॉरसारखं धूड, पाठीवर लव, आणि नवख्यांची पहिली खरी परीक्षा. तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या मागे असताना तो झाडीतून येतो आणि सगळं उधळून लावतो. त्याच्याशी पहिल्या लढतीत मारायचा विचारच सोडा. शस्त्र म्यान करून पाच मिनिटं नुसते त्याच्याभोवती फिरा. चिडला की त्याच्या नाकावरचा पडदा ताठ उभा राहतो, पाठीवरची पंखांसारखी पाती फटकन उघडतात, जबड्यात ज्वाळा दिसू लागतात. आता आग येणार. ती समोर येते, म्हणून समोरून पळत मागे जाणारा भाजतो आणि त्याच्या मागच्या पायांपाशी शिरलेला वाचतो. आग ओकताना तो जागीच खिळलेला असतो. तीच तुमची वेळ. दोन वार, फार तर तीन, आणि बाजूला. चौथा वार हावरटपणाचा, आणि बहुतेक कार्ट त्याच चौथ्या वारापायी होतात.

पेट घेतलात तर घाबरून औषध पीत बसू नका, आधी लोळण घ्या. तीन-चार लोळणांत आग विझते, पाण्यात लोळलात तर आणखी लवकर. आणि अगदीच कोंडीत सापडलात तर शस्त्र म्यान करून मॉन्स्टरकडे पाठ करून धावा आणि डॉज, म्हणजे वार चुकवायचं बटण, दाबा. हंटर जमिनीवर सपशेल झेप घेतो आणि त्या झेपेत त्याला काहीच लागत नाही. ही झेप मोठमोठे अनुभवी हंटरसुद्धा वापरतात.

अँजनाथ पाण्याच्या शस्त्राला भितो. आग, पाणी, वीज, बर्फ आणि ड्रॅगन अशी पाच तत्त्वं आहेत आणि कुणाला काय लागतं ते गेममधल्याच नोंदवहीत मिळतं. मोहिमेआधी ते पान वाचायची सवय लावून घ्या.

निघण्याआधी

जेवण करून निघा. तळावरचा मांजर आचारी जे वाढतो त्यानं मोहिमेपुरता जीव १०० वरून १५० पर्यंत जातो. उपाशी शिकारीला गेलेला हंटर पहिल्याच फटक्यात कार्ट होतो, आणि नवख्यांच्या निम्म्या तक्रारी या एका जेवणानं मिटतील.

पिशवीत औषधं, मध (औषधात मध मिसळला की मोठं औषध बनतं, ऐन लढाईत हे कामी येतं), सापळा आणि शेणाचे गोळे हवेत. हसू नका, दुसरा मॉन्स्टर मध्ये घुसला की शेणाचा गोळाच त्याला हाकलतो. शस्त्राच्या धारेचा रंगही बघत राहा. हिरवा पिवळ्यावर उतरला की वार आपटून परत यायला लागतात. मॉन्स्टर दुसरीकडे निघून गेला की पहिलं काम धार लावायचं.

आणि कधीतरी घाई बाजूला ठेवून शेगडी मांडा. कच्चं मांस दांड्यावर फिरतं, छोटीशी धून वाजत राहते, रंग लालवरून तपकिरी होत जातो. धून संपल्यावर क्षणभर थांबून, मांस सोनेरी झालं की बटण दाबायचं. लवकर दाबलंत तर अर्धकच्चं, उशीर झाला तर कोळसा. नेमकं जमलं की जपानीत खणखणीत ओरडा होतो, 'जोओझु नि याकेमाशिता!', म्हणजे 'मस्त भाजलं!' तव्यावरची भाकरी नेमकी कधी उलटायची हे ज्याला कळतं त्याला हे पहिल्यांदाच जमेल. वीस वर्षांत ग्राफिक्स कुठल्या कुठे गेले, पण या आरोळीवर जुना हंटर आजही मान वर करून हसतो.

शेपटी, सापळा आणि हवी ती वस्तू

धारदार शस्त्र असेल तर शेपटी तोडायचा प्रयत्न करा. तुटलेली शेपटी वेगळी जाऊन पडते आणि तिच्यातूनही भाग काढायचे असतात. लढाईच्या धामधुमीत नवखे हे विसरतात आणि मोहीम संपल्यावर हळहळतात.

मॉन्स्टर लंगडत घरट्याकडे निघाला म्हणजे तो थकला. मारण्याऐवजी पकडायचा असेल तर त्याला सापळ्यात अडकवून झोपेचे दोन बॉम्ब टाका. वेळही वाचतो. एल्डर ड्रॅगन नावाचे सगळ्यात बलाढ्य मॉन्स्टर मात्र पकडले जात नाहीत, त्यांच्यावर सापळा वाया घालवू नका.

एखाद्या चिलखतासाठी एकच दुर्मीळ खवला हवा असतो आणि वीस शिकारींत तो येत नाही; सोबतच्या मित्राला, ज्याला तो नको आहे, पहिल्या फेरीत दोन मिळतात. याला हंटर लोक 'डिझायर सेन्सर' म्हणतात. अशा वेळी तासभर दुसराच मॉन्स्टर मारा.

मित्रांबरोबर खेळताना

चौघांपर्यंत एकत्र जाता येतं. 'वर्ल्ड' आणि 'राइज'मध्ये प्लेस्टेशनवाला पीसीवाल्याला भेटू शकत नाही. 'वाइल्ड्स'मध्ये ती अडचण नाही. म्हणून गेम विकत घेण्याआधी ग्रुपवर विचारा, कोण कशावर खेळतं. सेव्हही (साठवलेली प्रगती) प्लेस्टेशनवरून पीसीवर जात नाही.

'वर्ल्ड'ची आणखी एक खोच आहे. कथेच्या मोहिमेत मधलं दृश्य स्वतः बघून झाल्याशिवाय मित्र आत येऊ शकत नाही. दोघे मिळून सुरुवात करणार असाल तर दोघांनी वेगवेगळं निघायचं, आपापलं दृश्य बघायचं, मग एकानं मोहीम सोडून दुसऱ्याकडे जायचं. हे माहीत नसल्यानं कित्येक जोड्या पहिल्याच रात्री कंटाळून खेळ बंद करतात. 'राइज'मध्ये गावातल्या मोहिमा एकट्याच्या आणि हबमधल्या, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागेतल्या, सगळ्यांच्या, एवढं सरळ आहे.

मी आणि माझा मावसभाऊ शनिवारी रात्री खेळतो. तो दुबईत, मी पुण्यात, दीड तासाचा फरक. मध्येच त्याचं नेट गेलं तर शिकार थांबत नाही, ती माझी एकट्याची होऊन पुढे चालू राहते. मग मी त्याच्यासाठी शेपटी तोडायच्या मागे लागतो, हे ठाऊक असूनही की तो परत येईपर्यंत ती नाहीशी झालेली असेल.

आता वाट बघण्याबद्दल

या मालिकेत मुख्य भागानंतर मोठा विस्तार येतो. 'वर्ल्ड' जानेवारी २०१८ मध्ये, 'आइसबोर्न' सप्टेंबर २०१९ मध्ये. 'राइज' मार्च २०२१, 'सनब्रेक' जून २०२२. विस्तारात नवा प्रदेश आणि 'मास्टर रँक' ही आणखी अवघड पातळी येते, आणि त्यात शिरायला मूळ कथा संपलेली लागते. म्हणून विस्तार येईल त्या दिवशी सगळ्यांबरोबर आत पाऊल टाकायचं असेल तर मूळ गेम आत्ताच खेळून ठेवा.

ट्रेलर दोनदा बघा. पहिल्यांदा मजेसाठी, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मॉन्स्टरची ठेवण बघा: पंख आहेत का, चार पायांवर चालतो का, शेपटी कुठं वळते. जुन्या कुठल्या मॉन्स्टरच्या चालीशी ते जुळतं का? जुळलं तर त्याच्याशी लढायची अर्धी तयारी तुमची झाली. चाहते हेच करत रात्री जागवतात. २००९ च्या 'ट्राय'चा मुख्य मॉन्स्टर लागियाक्रस 'वर्ल्ड'मध्येही नव्हता आणि 'राइज'मध्येही नव्हता. दर ट्रेलरमध्ये पाण्यावर एखादी लाट उठली की लोक त्याचं नाव घ्यायचे. २०२५ च्या जून अखेरीस 'वाइल्ड्स'च्या मोफत अपडेटमध्ये तो आला. त्या रात्री लॉबीत सगळे फक्त त्याच्याच मोहिमा लावत होते, आणि पाठीवर निळी वीज खेळवत तो पाण्यातून वर येताना बघून मला भरून आलं होतं.

आगाऊ नोंदणीची घाई नको. तिच्यासोबत मिळतात ते बहुधा कपडे आणि दागिने, शिकारीत त्यांचा उपयोग नाही. ओपन बीटा (गेम येण्याआधीची सगळ्यांसाठी खुली चाचणी) निघाला तर मात्र तो चुकवू नका. तो मोफत असतो, आणि मशीन व नेट दोन्ही तपासून होतात. 'वाइल्ड्स'च्या बीटातली प्रगती पुढे नेता आली नव्हती, पण घडवलेला हंटर आणि त्याच्यासोबत शिकारीला येणारं त्याचं मांजर मूळ गेममध्ये नेता आलं होतं. म्हणून बीटाच्या पहिल्या रात्री चेहरा घडवायला हवा तेवढा वेळ द्या, मांजराचा रंग निवडा, आणि मग थेट सरावाच्या खांबाकडे जाऊन आपलं शस्त्र उपसा. कुठला वार जुना आहे आणि कुठला नवा, ते दहा मिनिटांत हाताला कळेल.